पुन्हा बोट ठेवा

सकाळी पावणेसहा. सोहार बंदराकडचं कंपनीचं फाटक.
मशीन मला ओळखत नाही.
पुन्हा बोट ठेवा, म्हणतं. पुन्हा.
मागे वीस माणसं, हातात डबे, डोळ्यांत झोप.
मी तर्जनी पँटला घासतो, फुंकर मारतो.
नाहीच. रेषा गेल्यात.
टाइमकीपर हमूद विचारतो, "सिमेंट?"
"गिटार."
तो खूश. हवेतच वाजवून दाखवतो,
छातीशी, झणझण, बोटांची नुसती पळापळ.
तसली नव्हे रे. जाड तारांची. चारच.
पण एवढं अरबी मला येत नाही.
तो रजिस्टर पुढे सरकवतो.

पंचावन्न रियालला घेतली,
फायनल एक्झिटवर निघालेल्या रोनेलकडून.
केसमध्ये एक लाँड्रीची पावती निघाली,
दोन शर्ट, न सोडवलेले.
अजून टांगलेले असतील कुठेतरी, इस्त्री मोडत.

रात्री दहानंतर अँप बंद.
मग मी तिचं डोकं कपाटाला टेकवतो
आणि कपाट बोलायला लागतं,
आतल्या साड्या, पासपोर्ट, हिवाळ्याची एकुलती रजई, सगळ्यांसकट.
तिसऱ्या फ्रेटवर सी दाबला
की मृणालच्या बांगड्यांचा डबा किणकिणतो.
त्याच सुराला. बाकीच्यांना हूं की चूं नाही.
"झोपा आता," ती म्हणते.
मग हनुवटी लाकडावर ठेवून वाजवतो.
ते फक्त माझ्या दातांना ऐकू येतं.

नवीन तारा मिळतात मस्कतला, दोनशे किलोमीटर.
म्हणून जुन्या उकळतो.
आठ महिन्यांचा घाम वर येतो, राखाडी तवंग.
मृणाल झाकण उचलते:
"आज शेवया का?"
त्या पातेल्यात ती पुन्हा कधी दूध तापवत नाही.

गुरुवारी संध्याकाळी सनायात,
जिजोच्या मेहुण्याच्या सुतारखान्यात आमचा सराव.
भुसा उडतो, रोवेना शिंकते, पुन्हा पहिल्यापासून.
नुवानची सोलो संपत नाही.
मी तिथेच, दोन सुरांवर येरझाऱ्या घालत,
दवाखान्याबाहेर नवऱ्यानं घालाव्यात तशा.

मंडळाच्या कार्यक्रमात एकदाच वाजवलं.
व्हिडिओ कडेगावला गेला.
आईचा फोन: "हात हलतायत तुझे, वाजत काहीच नाही.
तुला मागं उभं केलंय का नुसतं?"
आई, तो सूर मोबाईलमधून येत नाही.
मोबाईलचा घसा लहान आहे.
"बरं," ती म्हणाली. "जेवलास का?"

आमच्या घराची मागची भिंत गिरणीची होती.
दिवसभर थरथरायची, फडताळातली भांडी सरकत काठावर यायची,
संध्याकाळी आई ती परत आत ढकलायची.
अण्णा जेवून भिंतीला पाठ टेकत,
डोळे मिटून सांगत,
जात्यात दाणा आहे की मोकळंच फिरतंय,
ज्वारी आहे की हरभरा.
मी कधी विचारलं नाही, कसं कळतं.
परवा चिलर नंबर चारवर तळहात ठेवला
आणि फोरमनला म्हटलं, बेअरिंग जाणार.
गेलं, मंगळवारी.

त्या कार्यक्रमात मी चुकलो होतो.
तिसऱ्या गाण्यात, अख्खा एक मात्रेचा खड्डा.
लोक टाळ्या वाजवत राहिले, रोवेना गात राहिली,
सूत्रसंचालक पुढची चिठ्ठी शोधत होता.
फक्त ड्रमवरच्या दुर्मोहम्मदनं मान वर केली,
माझ्याकडे बघितलं,
आणि काठी जराशी उशिरा मारून
मला आत घेतलं.
नंतर चहाला तोही काही बोलला नाही, मीही नाही.
साखर मात्र त्यानंच ढवळून दिली.

आज सकाळी पुन्हा रांग.
करंगळी नोंदवून घे, हमूदनं सुचवलं,
ती तर काही करत नाही ना?
करत नाही खरं.
नुसती बाजूला उभी असते, ताल धरून.