गॅप सर्टिफिकेट

कोर्टाच्या आवारात, टायपिंगवाल्याच्या छत्रीखाली
शंभराच्या स्टॅम्पपेपरवर मी लिहून दिलं:
मी, वैजयंता मुतगेकर, वय बेचाळीस,
बी.एस्सी. झाल्यापासून आजतागायत
कुठलंही शिक्षण घेतलेलं नाही.

खिडकीतल्या क्लार्कनं विचारलेलं,
‘एष्ट वर्ष गॅप ऐत्री?’
हत्तोंबत्त, म्हटलं.
त्यानं रकान्यात १९ मांडले
आणि हिशेब जुळला तशी मान हलवली.

उद्यमबागेत कोअर-शॉपला लागले तेव्हा
बायजाक्कानं मुठीत वाळू दिली. दाब.
उघडल्यावर बोटांचे ठसे राहिले तर ओल बरोबर,
हाताला चिकटली तर जास्त.
आता लॅब माझ्याकडे आहे, मीटर आहे,
तरी मूठ आधी, मीटर मागनं.

एम.एस्सी.चा वर्ग संध्याकाळी सहाला.
नोकरीवाल्यांची सोय म्हणून.
शिफ्टही सहालाच सुटते.
रेल्वे गेटाला फाटक पडलेलं असतं,
स्कूटर बंद करून मी उभ्या उभ्या नोट्स वाचते.
मालगाडीचे डबे मोजायचं सोडलंय.

संकेश्वरचा शिवगौडा साखर कारखान्यात केमिस्ट,
गळीत सुरू झालं की वर्गात दिसत नाही.
परीक्षा नेमकी गळितात.

सर माझ्या भाच्याच्या वयाचे.
ब्लोहोलची कारणं फळ्यावर तीन लिहिली.
सर, चौथं आहे, मी म्हटलं.
झडीच्या आठवड्यात सकाळचे कोअर
संध्याकाळपर्यंत ओल पितात,
दिसायला कोरडेच.
सर थांबले. पुस्तकाच्या समासात
पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलं.
मग हजेरी घेतली.
सतरा मिनिटं उशीर, गैरहजर.

कोअर म्हणजे काय गं, पोरानं एकदा विचारलं.
पंपात जिथं लोखंड शिरू द्यायचं नाही
तेवढी जागा वाळूनं धरून ठेवायची.
लोखंड गार झालं की वाळू फोडून काढायची.
‘म्हणजे दिवसभर तू भोकं करतेस?’
व्हय की.
पाणी त्यातनंच चढतंय,
कडोलीच्या कोबीला, तुझ्या शाळेच्या टाकीत.

स्टॅम्पपेपरची झेरॉक्स फाइलीत लावलीय.
उद्या बुधवार, प्रॅक्टिकल सकाळी अकराला.
रजेचा अर्ज लिहायला घेतलाय,
‘कारण’पाशी पेन अडलंय.