उथळ वाटी

कुडाळच्या कोचरेकर डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीला लावला
आणि पेनच्या टोपणानं दाखवलं,
ही मांडीच्या हाडाची गोटी,
ही खुब्याची वाटी.
वाटी उथळ आहे. गोटी बसत नाही, घसरते.
जन्मापासूनच, म्हणाल्या. तुमचं काही चुकलं नाही.

मी वीस वर्षं होड्यांची इंजिनं उघडतोय,
तळाशीलला, माडाखाली, फाटक्या ताडपत्रीच्या सावलीत.
बेअरिंगमधला खुळखुळा मला तळहाताला कळतो.
चार वर्षं ही कुत्री माझ्या पायाशी झोपली,
मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकत धावली,
आणि मी लोकांना कौतुकानं सांगत होतो,
बघा, कशी उड्या मारत येते.

मुडदुशी हे नाव इनासकाकाचं.
पिल्लू होती तेव्हा ओल्या वाळूत अंग पुरून
फक्त नाक वर ठेवायची, त्या माशासारखी.
रापण ओढताना दोराचं टोक दातात धरायची.
चाळीस माणसांच्या मागे एक कुत्री.
तिची ओढ किती लागायची देव जाणे,
पण वाटणीच्या वेळी तिच्या नावाचे दोन पेडवे बाजूला पडायचे
आणि कुणी कधी हरकत घेतली नाही.

बाईंनी कागदावर तीन रस्ते लिहिले.
पुण्याला नवा सांधा.
आकडा लिहिताना त्यांचंच पेन जरा थांबलं,
पंधरा घोड्यांचं कोरं इंजिन येईल तेवढ्यात.
कोल्हापूरला गोटीच कापून टाकायची,
मग मांसच हाडाला धरून ठेवतं,
सांधा नसलेला सांधा.
अंगानं हलकी आहे, जमेल, पण शंभर टक्के सांगत नाही.
नाहीतर गोळ्या, वजन उतरवणं, पोहवणं
आणि बघत राहणं.

तिसरं सगळ्यात स्वस्त. म्हणूनच मला त्याची भीती वाटते.
बघत राहणं मी चार वर्षं केलंय.

इनासकाका म्हणाला, "कित्याक इतको इचार करतस?
गोळी घाल नि मोकळो हो."
मी विचारलं, "खयची गोळी?"
जाळ्याला गाठ मारता मारता तो थांबला.
"दुखाची रे, मेल्या," म्हणाला.
पण थांबला होता.

वैजयंतीनं रात्री हिशेब केला. पोस्टातले, भिशीतले,
लेकीची नर्सिंगची फी वगळून.
रागानं नाही, एकेक आकडा नीट,
तांदळातला खडा बघावा तसा.
मग म्हणाली, माणसाला निदान विचारता येतं.
मुडदुशी पडवीत उठू बघत होती.
पुढचे पाय उठले,
मागचे मागेच राहिले,
आणि तिनं आमच्याकडे बघून शेपूट हलवलं,
जणू गैरसोय आमचीच झाली होती.

आज पहाटे भरती होती. तिला खाडीत नेली.
माझ्या मांडीपर्यंत पाणी आलं तिथे
तिचं वजन पाण्यानं उचललं,
आणि मागचे पाय सुटे झाले.
डावा, उजवा, डावा,
तळाची वाळू ढवळत.
दुखत नसेल तेव्हा ती अशी चालते.
हे मला माहीतच नव्हतं.
परत फिरायला मी मुद्दाम उशीर केला.
काठावर पुन्हा ससा.

जूनमध्ये होड्या वर ओढतात,
गावातली सगळी इंजिनं माझ्याकडे येतात,
आणि नेमकं तेव्हाच सहा आठवडे
पोटाखालून टॉवेल घालून
तिला दिवसातून चारदा चालवायचं आहे.
होडीवाले ओरडतील. ओरडू देत.

इंजिनांच्या वहीत नवी ओळ घातली.
मुडदुशी. डावी बाजू आधी. कोल्हापूर.
दोष, वाटी उथळ.
ॲडव्हान्स, भिशी. हे वैजयंतीच्या अक्षरात.
मालकाच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
रापण, असं लिहिलं.
काम कधी पूर्ण, ते कोरं ठेवलं.
वरची ओळ तांडेलांच्या कार्बोरेटरची होती,
तो काढायला घेतला.
ती येऊन पायाशी बसली,
एका कुल्ल्यावर,
नेहमीच्याच.