बारा बोअर, नवी

लोहार चाळीच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत
मी ती टेबलावर आडवी घेतली.
रिकामी आहे का बघितलं. दोनदा.
तिसऱ्यांदा करंगळी घालून.
ढेबे म्हणाले, "अहो, रिकामीच आहे."
सगळे असंच म्हणतात.

चौदा महिन्यांची पंप-अ‍ॅक्शन.
मूठ मागे ओढली की
वाळूवरून ट्रंक ओढल्यासारखा आवाज.
पहिलं काडतूस उडतं, मग टरफल आतच बसून राहतं.
सरावाच्या दिवशी साहेबांसमोर
दस्ता जमिनीवर आपटून काढावं लागलं.
"बावीस वर्षं फौजेत काढली," ढेबे म्हणाले,
"आणि पोरं हसली."

टॉर्च लावला. चेंबरभर कटरच्या खुणा,
शिकाऊ न्हाव्याने केलेल्या हजामतीसारख्या.
शेवटचा हात कुणी फिरवलाच नव्हता.
एक्स्ट्रॅक्टर ओतीव, आकडीची कड आत्ताच झिजलेली.
ट्रिगरचं घर प्लास्टिकचं, ते एक वेळ चालेल;
पण रंगाखाली गंज.
निवडणुकीत महिनाभर ठाण्यात जमा होती,
तेवढ्यात समुद्राने तिला शोधून काढलं.

मुर्तझाभाईंकडे हिचीच थोरली बहीण होती,
एकाहत्तर सालची, त्याच कारखान्याची.
खटका दाबून नळी वर केली
की मूठ आपल्याच वजनाने मागे यायची,
दुपारच्या झोपेतून उठून
दार उघडायला येणाऱ्या माणसासारखी.
आणि आत, जिथे गिऱ्हाईक जन्मात बघत नाही,
एक बारीक ठसा: फुलीत टिंब.
कुणीतरी तपासली होती,
आणि मग घरी गेला होता जेवायला.

"ऑफिसात सांगितलंत?"
"सांगितलं. म्हणाले, सात वर्षांत दारावर
किती वेळा झाडलीत?
एकदाही नाही.
मग?"

मग.
बंदूक दिसायला हवी. दिसते.
लांबी बरोबर, काळेपणा बरोबर, वजन जवळजवळ.
कारखान्यालाही कुणीतरी
एवढंच सांगितलं असणार.

तीन संध्याकाळी गेल्या. कानस,
मग बारीक पेपर, मग तेल आणि चामडं.
बोटाला कळतं कधी थांबायचं, डोळ्याला उशिरा.

चौथ्या दिवशी ढेब्यांनी ओढली.
खटक्-खटाक.
समोरच्या वायरवाल्याने मान वर केली.
पाच खोटी काडतुसं टेबलावर, एकामागून एक;
पाचवं घरंगळत बशीला लागलं, चहा हिंदकळला.
साडेचारशे रुपये
त्यांनी स्वतःच्या पाकिटातून दिले.
जिन्याशी थांबून म्हणाले, "वेळ न येवो."
मी म्हणालो, "न येवो."

नंबराच्या बंदुकीवर आपली खूण कोरता येत नाही.
वहीत तिच्या नंबरापुढे
फुली काढली, फुलीत टिंब.
टिंब जरा बाहेर गेलं.