नामाच्या मागून

सांखळीत, पोदेराच्या दुकानावरच्या खोलीत
सहा ते साडेसात माझा वर्ग असतो.
खालून पावाचा वास येतो, वाळवंटीकडून डास.
सात विद्यार्थी, परीक्षा फेब्रुवारीत.
कुणाला बोटीवर जायचंय, कुणाला लिव्हरपूलला नर्स म्हणून,
आग्नेलला नुसतंच जायचंय.

आज फळ्यावर नामं आहेत.
डिसिजन. परमिशन. रिझन. पॉसिबिलिटी.
मी सांगते, इंग्रजीत नाम आधी येऊन उंबरठ्यावर उभं राहतं
आणि मागून येणाऱ्यांतल्या कुणाला आत घ्यायचं
ते त्याचं तेच ठरवतं.
डिसिजनला टू चालतो. परमिशनही टूलाच ओळखते.
रिझनकडे फॉरची ऊठबस,
पॉसिबिलिटी ऑफशिवाय कडी काढत नाही.
नियम?
नियम नाही रे बाबांनो.
कोण कुणाच्या घरी जेवतं हे जसं गावात राहून कळतं,
तसंच हे.

सुलक्षा गावस वहीत मराठीत उतरवून घेते:
जाण्याचा निर्णय
जाण्याची परवानगी
जाण्याचं कारण
जाण्याची शक्यता.
"मिस, आमचं किती सोपं. चा, ची, चं.
नामाचं लिंग बघायचं आणि सुटायचं."
मी खडू हातात धरून तिची वही बघत राहते.
आपल्याकडे आधी जाणं येतं.
माणूस पहिल्याच शब्दात निघून गेलेला असतो,
मग मागाहून कळतं
तो निर्णय होता, की नुसती इच्छा.

आग्नेलचा निबंध.
त्याचा बाप खाणीच्या ट्रकवर होता. खाण बंद झाली,
ट्रक अंगणात आहे, टपावर दोडक्याचा वेल चढलाय,
हे सगळं त्यानं पहिल्या परिच्छेदात बिनचूक लिहिलंय.
शेवटी मात्र: देअर इज नो पॉसिबिलिटी टू रिटर्न.
मी लाल शाईनं टू खोडते, ऑफ लिहिते,
रिटर्नला आयएनजीचं शेपूट लावते.
"फरक कितें, मिस?"
मी म्हणते, टूपुढचं क्रियापद अजून चालतं-फिरतं असतं,
ते तुझ्या हातात असतं. अबिलिटी टू. प्रॉमिस टू.
ऑफपुढे ते नाम होऊन बसतं, बसलं की बसलं.
शक्यता काय तुझ्या हातात असते?
मग चान्सला दोन्ही कसे चालतात, म्हणून मागून कुणीतरी विचारतं,
आणि मी कबूल करते
की हे मी आत्ताच रचलं,
कुठल्याही व्याकरणात नाही.
सगळे हसतात. आग्नेल हसत नाही,
तो ऑफवर बोट ठेवून बसलाय.

साडेसात वाजून गेले. सुलक्षा जिन्यापाशी थांबते.
तिचा नवरा बोटीवर आहे. करार संपून पाच महिने झाले,
एवढंच मला ठाऊक.
"मिस, त्याच्या परत येण्याची वाट,
हे नाम करून कसं लिहायचं?"
पुसलेल्या फळ्यावर मी पुन्हा लिहिते:
द वेट फॉर हिम टू रिटर्न.
ती मोजते. "फॉर पण? टू पण?"
"फॉर त्याच्यासाठी," मी म्हणते, "टू येण्यासाठी.
एकट्यानं होत नाही ते."
ती उतरवून घेते.
वेटच्या खाली, बारीक अक्षरात, वाट.
"एकच शब्द ना मिस हा?
तिथं जाऊन तोंड थोडं वाकडं झालेला?"

साफ चूक. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही,
कुळ वेगळं, मूळ वेगळं.
वही माझ्यासमोर उघडी होती, लाल पेन हातात.
मी पेनाला टोपण लावलं
आणि म्हटलं, उशीर झाला, बस चुकेल तुझी.