गंगावेशीत, शेवटच्या खेळानंतर

खेळ सुटला तेव्हा बारा वाजून गेलेले.
स्प्लेंडरला किक मारता मारताच रावसोनं निकाल दिला :
"पैसं गेलं मर्दा."
पण पहिल्या फायटिंगला शिट्टी त्याचीच होती,
खुर्चीवर चढून, दोन बोटं तोंडात.
मागचा माणूस दोनदा म्हणाला, बसा की वं खाली.

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
एकच म्हैस उरली होती, ट्यूबखाली काळीभोर,
शेपटीनं डास मारत.
यासीननं बोटानंच चार ग्लास सांगितले.
चरवीत धार वाजायला लागली
आणि आमचा पिक्चर तिथनं सुरू झाला.

"हिरो ब्येस हाय," यासीन म्हणाला, "पण चालतोय किती!
दारातनं गाडीपर्यंत यायला त्याला आख्खं गाणं लागलं.
आमचा म्हातारा गुडघं धरून आधी पोचला असता."
"इंटरवलपर्यंत झणझणीत," रावसो म्हणाला,
"पुढं पंगत वाढली म्हणून
पाणी ओतलेला रस्सा."
मी म्हणालो, गेल्या आठवड्यातला बरा होता, भुताचा.
"त्यात भूतच भ्यालेलं."
बायकोला आवडला पण.
"वहिनीचं काय सांगतोस, तिनं तुला बी पसंत केलंय."

माझं औषधाचं दुकान आहे.
पिक्चरमध्ये कुणी आजारी पडलं
की माझी नजर बाटलीवरच्या लेबलावर.
परवाच्या त्या रडव्या पिक्चरात
मरणाऱ्या आईच्या उशाला होतं
ते खोकल्याचं औषध, तेही लहान मुलांचं.
थेटर मुसमुसत होतं.
मी लेबल वाचलं, आणि तरी रडलो.
हे मी कट्ट्यावर बोललो नाही.

हौसाक्का तोवर गप्प.
रावसोची मावशी, चौऱ्याहत्तरची,
प्रत्येक पिक्चरला येते, कडेची खुर्ची धरते.
पोरवयात स्टुडिओत गर्दीत उभी राहायची,
तीन रुपये रोज, दुपारी भाकरी.
ग्लास पदरात धरून म्हणाली,
"लढाईत पाच हजार माणूस हुतं. एकालाबी घाम न्हवता."
आक्का, कॉम्प्युटरवर करतात ते.
"ते कळतंय मला. तिसऱ्या रांगंत
एकच गडी बारा येळा उभा केलाय.
तीच मिशी, त्योच फेटा, बाराच्या बारा एकदम वळत्यात.
बगितला न्हाईस व्हय?"

आम्ही कुणीच बघितला नव्हता.
आम्ही हिरोकडे बघत होतो.

"आमच्यात एकीचं पोर रडायचं, एकीच्या पायात काटा.
कुणी कॅमेऱ्याकडं बगून हसायची,
मग सगळ्यांस्नी शिव्या, आन पुन्यांदा उभं ऱ्हावा.
राजा मेला त्या दिशी मला खरा हुंदका आला.
चार तास उन्हात उभं केल्यावर
कुणीबी मेलं तरी येतोय."

कुठल्या पिक्चरात दिसतीस गं तू?
"मी न्हाई दिसत. माझी घागर दिसती."

यासीन हसायला लागला, मग राहिला.
म्हशीनं पाय बदलला.
गवळ्यानं ग्लास उंचावरनं भरत विचारलं,
"म्हस हाय का पिक्चरात?"
हाय. गाण्यात. हिरॉइन धार काढते.
"आदी रेडकू सोडलं हुतं का प्यायला?"
नाही सोडलं.
"मग पान्हा कसा फुटला? बोगस पिक्चर,"
तो म्हणाला, आणि वरचा फेस
बोटानं निपटून टाकला.

त्याच्यापुढं आमचं काही चाललं नाही.
ग्लास गरम होते. थोडा वेळ नुसते प्यालो.

"शुक्रवारी त्यो पोलिसाचा लागतोय," रावसो म्हणाला.
"भंगारच असणार."
असणारच.
"मग किती काढू?"
आक्काच्या ओठावर पांढरी मिशी आलेली,
ती न पुसताच तिनं चार बोटं दाखवली.