रविवारी कोण बघतं

डंडीत रविवारी बस तासाला एक.
ती चुकली की टे नदीच्या कडेनं चालत,
वारा कानशिलात देत राहतो.
कार्ड टेकवलं की दार उघडतं, दिवे आपोआप लागतात.

सदतीस अंशांच्या कपाटात पेशी असतात.
फ्लास्कवर नाव नाही: डी चारशे सतरा, पॅसेज एकतीस.
खाणं गुलाबी. त्यांनी खाऊन खाऊन पिवळं पाडलं
की जुनं ओढून घ्यायचं, नवं घालायचं.
फारच दाटी झाली तर तळापासून सोडवून
चौथा हिस्सा पुढच्या फ्लास्कला विरजणाला.
आईला फोनवर एवढंच कळलंय:
मुलगी तिकडे दही लावते
आणि ते दही संपत नाही.

मे महिन्यात बाहेरची माणसं आली होती लॅब बघायला.
गावन्स नावाचे एक निवृत्त बसड्रायव्हर
टोपी काखेत धरून मायक्रोस्कोपवर वाकले
ते बराच वेळ तसेच.
मी पाठ केलेलं बोलत होते, म्युटेशन, रिसेप्टर, आशादायक.
त्यांनी विचारलं,
रविवारी यांच्याकडे कोण बघतं?
मी म्हटलं, मी.
बरं, म्हणाले. टोपी घातली.

त्यांच्या बायकोनं सही करून गाठ दिली होती, इथंच.
कुठल्या फ्लास्कात ते मला ठाऊक नाही.
त्यांनी विचारलंही नाही. विचारलं असतं
तरी सांगायचं नाही असा नियम आहे,
आणि नियम बरा आहे.

परवा रिपोर्ट आला: मायकोप्लाझ्मा.
न दिसणारा, न बोलावलेला,
कधीपासून पंगतीत बसून जेवत होता कोण जाणे.
मोराग, माझी गाईड, खुर्ची ओढून बसली.
किती?
आठ महिने.
तिनं चहा केला. दोघींनीही प्यायला नाही.

आज ब्लीच ओतलं.
गुलाबी आधी जांभळट होतो, मग पिवळा,
मग काहीच नाही, नळाच्या पाण्यासारखा.
वीस मिनिटं थांबायचं असतं.
थांबले.
ज्यांना मारायचं औषध मी तीन वर्षं शोधतेय
त्यांच्यासाठी डोळे भरून येणं
कुठल्याच प्रकरणात बसत नाही.
गावन्स, आज रविवार आहे. बघतेय.

मग नायट्रोजनच्या टाकीतून, वाफेत हात घालून,
एक जुनी कुपी काढली. पॅसेज नऊ.
झाकणावर माझ्या आधीच्या कुणाचं तरी अक्षर,
नऊची शेपटी उगाच लांब काढलेली.
ती आता विमा कंपनीत आहे म्हणतात.
कोमट पाण्यात कुपी हलवत राहिले
शेवटचा बर्फाचा कण उरेपर्यंत,
धुतलेल्या कपाटात नवा फ्लास्क आडवा ठेवला.

किती जणी तळाला चिकटल्या ते उद्या कळेल.
तारीख घातली. पाय दुखतायत.
सहा चाळीसची बस गेली असणार.