काचेची कुसळं

आमच्या घरी कपडे दोन टबांत भिजायचे.
एकात आमचे, एकात बापाचे.
चुकून एकत्र झाले की आठवडाभर सगळं घर
खाजकुयलीच्या रानातून आल्यासारखं खाजवत बसे,
चर्चमध्येसुद्धा, भजन चालू असताना.

सेंट लुईसच्या कारखान्यात एल्वुड टॉलिव्हर
कॉर्व्हेटचे सांधे घासायचा.
ओहायोहून यायचे काचेच्या धाग्यांचे तुकडे,
खांदा, मांडी, लांबलचक नाक.
ते चिकटवायचे, मग जोड दिसेनासा होईपर्यंत घासायचे.
पत्रा नव्हताच तिच्या अंगावर.
तिला गंज धरत नसे.
बापाच्या कोपरात मात्र कुसळं रुतलेली,
दिव्याखाली धरला हात की चमकायची.

जेवताना तिची वंशावळ सांगायचा, आम्ही विचारलेली नसताना.
पहिल्या तीनशे फ्लिंटच्या, त्रेपन्न सालच्या,
सगळ्या पांढऱ्या, आतून लालभडक.
"हसली तर दात आणि जीभ, बाकी काही नाही."
सहाच सिलिंडर, दोनच गिअर, लोकांनी टिंगल केली,
कंपनी तिचं नाव टाकायला निघाली होती.
मग तिच्या पोटात आठ सिलिंडर आले
आणि हसणारे रांगेत उभे राहिले.

त्रेसष्टची तिची मागची काच मधोमध दुभंगलेली.
मागचं दिसत नाही, म्हणाले, आणि पुढच्याच वर्षी काढली ती पट्टी.
आता तीच पट्टी हवी म्हणून माणसं घर गहाण टाकतात.
मी त्याच सालची.
मला कोणी एवढं मोल दिलेलं आठवत नाही.

बाप तिच्यात एकदाच बसला.
बंद पडली होती, चौघं ढकलत होते,
सुकाणू धरायला कोणीतरी हवं होतं.

एक्याऐंशीत कारखाना उठून केंटकीला गेला.
डेक्स्टरमामा गेला, त्याच्यामागून मी.
बाप म्हणाला, या वयात मी नवीन सांधे शिकणार नाही.
त्र्याऐंशी सालची गाडी बाजारात आलीच नाही
तेव्हा त्याचा फोन आला, खुशीत:
"वर्षच गाळलंत गं तुम्ही! आमच्या हातून कधी
एक स्क्रू गळला नाही."

ब्याण्णवच्या जुलैत दहा लाखावी गाडी निघाली.
पांढरी. आतून लाल. मुद्दाम.
आम्ही सगळ्यांनी आतल्या भागांवर सह्या केल्या,
जिथे कोणी कधी बघणार नाही अशा जागी.
मार्कर माझ्याकडे आला तेव्हा
बाप जाऊन पाच महिने झाले होते.
मी माझं नाव लिहिलं नाही.
वर गालिचा बसला. गाडी रस्त्यापलीकडे संग्रहालयात गेली.

बावीस वर्षांनी, फेब्रुवारीत, अजून उजाडलं नव्हतं,
संग्रहालयाची जमीन फाटली.
खाली चुनखडीच्या गुहा होत्या, पोकळ, वाट पाहत असल्यासारख्या.
आठ गाड्या गिळल्या. त्यात ती पांढरी.
बातम्यांत लोक रडत होते.
मी कॉफी घेतली, पुन्हा घेतली.

दुरुस्तीला उकलली तेव्हा सह्या सापडल्या.
मग एका पोराचा फोन, आवाज अदबीचा:
"वर्नाबाई, तुम्ही त्या लाइनवर होतात ना?
ई. टॉलिव्हर कोण? आमच्या यादीत नाही."
"नसणारच," म्हटलं. "तो इथे कधी आलाच नाही."
"मग सही?"
"सांधा बघायला आला असेल."
तो हसला नाही. लिहून घेत होता बहुतेक.

परवा तिकीट काढून गेले.
ती उभी आहे, ओरखडा नाही,
गालिचा परत अंथरलेला.
वाकले, तर रखवालदार म्हणाला, हात नका लावू.
नाही लावला.
दोरीच्या अलीकडे उभी राहून
कोपर खाजवत राहिले थोडा वेळ.